गोळी रोज चालू, तरी टीएसएच वरच! अक्का, असं कसं?

पत्र:

अक्का, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, वय ३८, दोन मुलं. दीड वर्षामागं थायरॉईड निघालं, डॉक्टरांनी ५० मायक्रोग्रॅमची गोळी दिली. मधे टीएसएच (थायरॉईड मंदावलं की रक्तात चढणारा आकडा) ४ वर आला होता, आता परत ११.८. गोळी एकही दिवस चुकवलेली नाही, देवाशप्पथ. केस मुठीनं जातात, अंगात त्राण नाही, पाळी आठ-आठ दिवस चालते. हिमोग्लोबिन ९.४, फेरिटिन ७. सहा महिन्यांपासून लोहाची गोळी नि कॅल्शियम चालू आहे, विसरायला नको म्हणून सगळ्या गोळ्या सकाळी उठल्या उठल्या एकदमच घेते, नि वर नाचणीची आंबील. केसासाठी बायोटिन पण आहे. मिस्टरांनी एक व्हिडिओ बघून सैंधव आणलं, वर्षभर घरात तेच वापरतो. आमचे मिस्टर म्हणतात, थायरॉईड म्हणजे शेवटी व्हिटॅमिनचीच कमतरता, गोळी बंद कर नि सेलेनियम, झिंक चालू कर. पुण्याच्या दिरांनी ब्राझील नटचा डबा पाठवलाय. सासूबाई म्हणतात कोबी-फ्लॉवर खाऊन झालंय. बस फुकट आहे म्हणून तीन महिन्यांत चारदा बेळगावला जाऊन टेस्ट केली, दर वेळी आकडा वेगळा. कुणाचं ऐकू?
— खानापूरची एक सून

अगं पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं, नि दुसऱ्यांदा वाचताना कागद घेऊन तारखा लिहून काढल्या. २२ वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागं उभी होते ना, ती सवय जात नाही. कुणी म्हणालं औषध लागू पडत नाही, की मी पहिलं विचारायचे, बरोबर काय चालू केलंस? तुझ्या पत्रात उत्तर तूच लिहिलंयस बघ. गोळी लागू पडत होती, टीएसएच ४ वर आला होता, मग लोह नि कॅल्शियम चालू झालं आणि आकडा परत चढला. गोळी तीच, तू तीच, बदललं काय तर सकाळचा तो एकदम गिळायचा घोळका.

लोह आणि कॅल्शियम, दोन्ही पोटात थायरॉईडच्या गोळीला चिकटून बसतात, मग ती रक्तात पोचतच नाही, तशीच पुढं निघून जाते. म्हणजे तू ५० घेतेस नि अंगाला लागतात किती ते देवाला ठाऊक. त्यावर आंबील. नाचणी लोहासाठी फार भारी म्हणून आपल्याकडं सगळ्या सांगतात, पण खरं तर नाचणीचं मोठेपण कॅल्शियममधे, १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम. आंबील चांगलीच गं, खानापूर-जांबोटीकडं त्यावर पिढ्या वाढल्या, फक्त गोळीच्या डोक्यावर ओतायची नाही एवढंच.

आणि लाजू नको. माझंच सांगते, मला स्वतःला थायरॉईड निघालं तेव्हा मी दुकानातच होते, दिवसभर लोकांना सांगायची ही गोळी उपाशीपोटी हं, नि स्वतः गोळी घेऊन दहाव्या मिनिटाला चहा, नि ॲसिडिटी होते म्हणून ॲसिडिटीची गोळी पण त्याच घोटाबरोबर. दोन वर्षं! डोस वाढत गेला. शेवटी एका तरुण डॉक्टरनं विचारलं, मॅडम तुम्ही गोळी घेता कशी, ते जरा करून दाखवा. करून दाखवलं नि मीच गप्प झाले.

आता मिस्टरांच्या मुद्द्याकडं येऊ, कारण ते पूर्ण चूक पण नाहीत, अर्धं बरोबर बोलतात आणि अर्धं बरोबर असलेलंच जास्त घोळ घालतं. थायरॉईडच्या ग्रंथीला खरंच खनिजं लागतात. आपल्या वडगाव-शहापूरचे माग आठव. साडी विणायला सूत लागतं, तसं थायरॉईड हार्मोनला आयोडीन. ग्रंथी जे मुख्य हार्मोन करते त्याला टी-फोर म्हणतात, कारण त्यात आयोडीनचे चार अणू असतात. आता सूत ढीगभर आणून टाकलं पण सूत आडवं नेणारा धोटाच नसेल तर साडी होणार आहे का? तो धोटा म्हणजे थायरॉईड पेरॉक्सिडेज नावाचं एंझाइम, टीपीओ म्हणतात ते. आणि हे एंझाइम लोहावर चालतं, त्याच्या पोटातच लोह असतं, जसं हिमोग्लोबिनमधे असतं तसंच. म्हणून अंगात लोह कमी पडलं की नुसतं रक्त कमी होत नाही, थायरॉईडचं विणकाम पण मंदावतं. आफ्रिकेत आयव्हरी कोस्टमधे हे मुलांवर बघितलंय, गलगंड असलेल्या ज्या मुलांचं रक्त कमी होतं त्यांना आयोडीन देऊनही गलगंड नीट उतरेना, लोह दिल्यावर तेच आयोडीन चांगलं लागू पडायला लागलं.

तुझं फेरिटिन ७ आहे. फेरिटिन म्हणजे अंगात साठवलेलं लोह, कणगीतलं धान्य समज, नि १५ च्या खाली गेलं की कणगी रिकामी झाली असंच धरतात. हिमोग्लोबिन बाईमाणसाचं १२ च्या वर पाहिजे, तुझं ९.४. तेव्हा लोह तुला हवंच आहे, डॉक्टरीणबाईंचं काही चुकलेलं नाही, फक्त वेळ चुकली. म्हणजे बघ कशी गंमत, लोह नाही म्हणून थायरॉईड अडतंय, आणि लोहाची गोळी चुकीच्या वेळी घेतली म्हणून थायरॉईडची गोळी अडतीय. दोन्हीकडनं तूच मार खातीस.

आणि हे चक्र उलटं पण फिरतं, ते कुणी तुला सांगितलेलं दिसत नाही. थायरॉईड कमी असलं की पाळीला जास्त जातं, जास्त गेलं की लोह कमी, लोह कमी की थायरॉईड आणखी मंद. म्हणून आठ-आठ दिवस जातंय याच्याकडं "बायकांचं असतंच" म्हणून सोडून देऊ नको. थायरॉईड ताळ्यावर आलं की बऱ्याच जणींचं कमी होतं, पण गाठबीठ नाही ना हे स्त्रीरोगतज्ज्ञांकडनं एकदा बघून घे, सोनोग्राफी सांगितली तर कर. टाकी भरत बसायची आणि खालचा नळ उघडाच, असं नको.

आता आयोडीन. सैंधव कुणी आणलं, मिस्टरांनी. त्यांना सांग, अक्का म्हणाली उपासाला ठेवा, एकादशीला ठेवा, रोजच्या आमटीला नको. सैंधवात आयोडीन नावालाच असतं. आयोडीनयुक्त मिठात आपल्या घरी येईपर्यंत किलोला निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन राहिलं पाहिजे असा नियम आहे, कारखान्यातनं निघताना त्याहून जास्त. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं, गरोदरपणात आणखी जास्त. किलोला ३० मिलिग्रॅमवालं मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक चमचा, खाल्लं की हिशोब जुळला. वर्षभर फक्त सैंधव म्हणजे घरातल्या सगळ्यांचाच हा हिशोब चुकला, तुझ्या मुलांचा सुद्धा, नि मला तुझ्यापेक्षा त्यांची जास्त काळजी वाटते, कारण वाढत्या वयात मेंदूला थायरॉईड हार्मोन लागतं.

आमच्या आजीच्या वेळी कोकणातनं खडे मीठ यायचं, समुद्राचं मीठ म्हणजे आयोडीन असणारच असं अजून लोकांना वाटतं. साध्या समुद्रमिठात ते नगण्यच. पूर्वी डोंगराळ भागात गळ्याला गलगंड घेऊन फिरणारी माणसं सर्रास दिसायची. हिमाचलच्या कांग्रा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामींनी १९५६ पासून खोऱ्याचे भाग पाडून काही भागात आयोडीन घातलेलं मीठ दिलं, एका भागात साधं, आणि जिथं आयोडीनचं मीठ गेलं तिथं गलगंड कमी झालं. त्यातनं १९६२ ला देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. म्हणजे हे मीठ कुणा कंपनीचा डाव नाही, जसं त्या व्हिडिओत सांगितलं असेल, ते लोकांच्या गळ्यावर बघून ठरवलेलं आहे. मीठ बरणीत घट्ट झाकून ठेव, चुलीशेजारी उघडं नको, आणि भाजी होत आल्यावर घाल.

पण थांब, आयोडीन चांगलं म्हणून आयोडीनचे थेंब नि समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल घ्यायला जाऊ नको. जास्त आयोडीननं पण थायरॉईड बंद पडू शकतं, हो, खरंच. मीठ बदललंस की पुरे. मीठ वाढवायचं नाही, बदलायचं.

आता ज्याच्यामुळं मिस्टरांचं म्हणणं अर्धंच बरोबर राहतं ते सांगते. तुझी अँटी-टीपीओ टेस्ट झालीय का? पत्रात उल्लेख नाही. मगाशी मी धोट्याचं सांगितलं ना, तेच टीपीओ. जिथं मीठ नीट मिळतं तिथं ग्रंथी मंदावण्याचं मोठं कारण म्हणजे शरीरच स्वतःच्या या टीपीओवर नि ग्रंथीवर उठतं, हाशिमोटो म्हणतात त्याला. ती टेस्ट पॉझिटिव्ह आली तर समजायचं की मागच मोडत चाललाय. मोडक्या मागाला कितीही सूत द्या, लोखंड द्या, साडी निघत नाही, तयार साडी विकतच आणावी लागते. तुझी ती ५० ची गोळी म्हणजे तयार साडी. तिला व्हिटॅमिनचा पर्याय नाही. तेव्हा गोळी बंद करायची नाही, एक दिवस पण नाही, आणि हे मिस्टरांना वाचून दाखव हवं तर, मी वाईटपणा घेते.

सेलेनियम. टी-फोर हे कोरं लुगडं, ते अंगावर घालायच्या कामाचं होतं टी-थ्री झाल्यावर, चारातला एक आयोडीन काढून. हे काढायचं काम लिव्हरमधे नि बाकी ठिकाणी जी एंझाइमं करतात त्यांना सेलेनियम लागतं. म्हणून दिरांनी ब्राझील नट पाठवले. हेतू चांगला आहे त्यांचा, डबा महाग पण असेल. पण अंडी, मासे, डाळ, धान्य यातनं पण सेलेनियम मिळतं, नि थायरॉईडच्या प्रत्येकाला सेलेनियम द्या असं तज्ज्ञ सांगत नाहीत. दिवसाला साधारण ५५ मायक्रोग्रॅम पुरतं, ४०० च्या वर जायचं नाही, आणि एका ब्राझील नटमधेच ५० ते ९० असू शकतं, कुठल्या मातीत वाढला त्यावर कमी-जास्त. शेंगदाण्यासारखे मूठभर खाल्लेस तर हद्द पार. आणि सेलेनियम जास्त झालं की काय होतं सांगू? केस गळतात, नखं तुटतात. म्हणजे ज्यासाठी खायला निघालीस तेच!

आणखी एक गोष्ट, ही ऐकून मी स्वतः चकित झाले होते. १९९० च्या सुमाराला आफ्रिकेतल्या झाईरमधे (आताचं काँगो), जिथं आयोडीन पण कमी नि सेलेनियम पण कमी होतं, तिथं लोकांना नुसतं सेलेनियम देऊन बघितलं. ज्यांची ग्रंथी आधीच खराब होती त्यांचं थायरॉईड हार्मोन वाढायच्या ऐवजी आणखी खाली गेलं. आयोडीनची सोय न करता सेलेनियम दिलं की असं होऊ शकतं. आता तुझ्या घरात वर्षभर सैंधव, नि वर सेलेनियम चालू करणार होतीस. डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेव. आठवड्यातनं दोन-तीन बी चवीला खा, दिरांना छान होते म्हणून कळव.

झिंकबद्दल फार लिहीत नाही. खूप कमी असेल तर हार्मोनवर फरक पडतो, पण तुझ्या बाबतीत तो खलनायक नाही, नि झिंकची गोळी जास्त दिवस घेतली तर तांबं कमी होतं ते वेगळंच.

व्हिटॅमिन डी. हाशिमोटो असलेल्यांमधे डी कमी सापडतं हे खरं, पण डी कमी म्हणून थायरॉईड झालं की दोन्ही बरोबर असतं एवढंच, हे ठरलेलं नाही. कमी असेल तर हाडासाठी भरून काढ. टीएसएच त्यानं उतरेल या आशेवर नको. नि ती व्हिटॅमिन डीची ६० हजार युनिटची पुडी आठवड्याला एक असते, बरं का, दुकानात असताना रोज एक घेणाऱ्या दोघी-तिघी माझ्यासमोर आल्यात. विचारलं तर म्हणाल्या, चव चांगली आहे.

बी-१२ मात्र तपासून घे. घरात मटण-मासे होत नसतील तर जास्तच. बी-१२ कमी झालं म्हणून टीएसएच वाढतो असं नाही, पण थकवा, विसरणं, हातापायाला मुंग्या, ही सगळी लक्षणं थायरॉईडसारखीच, मग आपण आकडा नीट होऊनसुद्धा म्हणत बसतो की बरं वाटत नाही. शिवाय ज्यांचं शरीर थायरॉईडवर उठलेलं असतं त्यांच्यातल्या काहींचं पोटाच्या आतल्या आवरणावर पण उठतं, नि मग बी-१२ आणि लोह दोन्ही नीट शोषलं जात नाही. लोह नीट वेळेला तीन महिने घेऊनही फेरिटिन हललं नाही तर डॉक्टरांना हे मुद्दाम विचार.

आता ते चार रिपोर्ट. बस फुकट आहे म्हणून टेस्ट फुकट होत नाही गं! कर्नाटकच्या फुकट बसच्या शक्ती योजनेनं आपल्या बायका सौंदत्तीला जाऊन आल्या, गोकाकचा धबधबा बघून आल्या, ते छानच, पण टीएसएच हा आठवड्याला बघायचा आकडा नाही. ही गोळी अंगातनं निम्मी व्हायलाच आठवडा घेते, त्यामुळं काहीही बदल केला की सहा ते आठ आठवडे थांबून मगच टेस्ट. आणि आकडे वेगवेगळे येण्यामागं तुझं बायोटिन असू शकतं. केसांच्या गोळीत १० मिलिग्रॅम बायोटिन सहज असतं, म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम, नि गरज दिवसाला ३० ची. बऱ्याच लॅबच्या मशीनची पद्धतच बायोटिनवर चालते, त्यामुळं रक्तात जास्त बायोटिन असलं की मशीन फसतं, टीएसएच आहे त्यापेक्षा कमी दाखवतं नि टी-फोर आहे त्यापेक्षा जास्त. म्हणजे तुझा खरा टीएसएच ११.८ पेक्षा जास्त पण असेल. टेस्टच्या आधी निदान दोन दिवस बायोटिन बंद, नि लॅबमधे सांग. मला विचारशील तर ती गोळी बंदच कर, तुझे केस लोहासाठी नि थायरॉईडसाठी रडतायत, बायोटिनसाठी नाही.

कोबी-फ्लॉवर. सासूबाईंना म्हणावं, शिजवलेली भाजी बिनधास्त. कोबीत थायरॉईडला आडवं येणारं द्रव्य असतं ते खरं, पण शिजवल्यावर त्याचा जोर बराच कमी होतो, नि कच्च्या कोबीचा रोज पेलाभर रस पिणारी माणसं आपल्या बेळगावात मला तरी भेटली नाहीत. आपल्या शिवारातला फ्लॉवर नि कोबी विकायला बाजारात येतो तो दुसऱ्यांनी खायचा नि आपण सोडायचा, हे काय बरोबर नाही.

मग दिवस कसा लावायचा ते. पहाटे उठलीस की थायरॉईडची गोळी, साध्या पाण्याबरोबर, दुसरं काही नाही. तोंड धू, अंगण झाड, पोरांचे डबे कर, पाऊण-एक तासानं चहा. आंबील दुपारी ने. लोहाची गोळी अकरा-बाराच्या सुमाराला, गोळीपासनं चार तास तरी गेलेले पाहिजेत, लिंबूपाण्याबरोबर घे कारण लिंबानं लोह जास्त लागतं, नि त्या आधी-नंतर तासभर चहा नको, चहानं लोह अडतं. पोटात मळमळलं तर डॉक्टरांना सांग, एक दिवसाआड घ्यायला पण सांगतात हल्ली, तसंही चालतं. कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर. सकाळ फारच धावपळीची असेल तर थायरॉईडची गोळी रात्री झोपताना, जेवून तीन तास झाल्यावर घेतात काही जणी, पण मग कॅल्शियमची वेळ हलवावी लागेल, ते डॉक्टरांशी बोलून. लोखंडी कढईत भाजी कर, माठ-मेथीवर लिंबू पिळ, मटण चालत असेल तर आठवड्याला होऊ दे.

डॉक्टरांकडं जाशील तेव्हा हे सगळं आधी सांग, की मी आजपर्यंत तिन्ही गोळ्या एकदम घेत होते. हे फार महत्त्वाचं. नाही सांगितलंस तर ११.८ बघून ते डोस वाढवतील, तू घरी येऊन वेळ सुधारशील, नि मग वाढलेला डोस पूर्ण अंगाला लागून छातीत धडधड चालू होईल. आधी वेळ नीट की लगेच डोस पण बदलायचा, ते त्यांना ठरवू दे. मधेच दिवस राहिले तर मात्र सहा आठवडे थांबायचं नाही, त्याच आठवड्यात दाखवायचं, गरोदरपणात या गोळीची गरज वाढते. आणि रक्त द्यायला जाशील त्या सकाळी थायरॉईडची गोळी रक्त दिल्यावर घे, पर्समधे बरोबर ने, खानापूरच्या पहिल्या बसनं आलीस तर वेळेत होतं.

सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच, फ्री टी-फोर नि एकदाच अँटी-टीपीओ, हिमोग्लोबिन पण त्यातच, फेरिटिन तीन महिन्यांनी. आकडे आले की मला लिही, नि या खेपेला गोळ्या कधी घेतल्यास ती वेळ पण लिही.

— तुझी अक्का